रिकाम्या पुंगळीचा हिशेब

फायरिंगचा दिवस संपत आला होता. आमच्या नांदगावच्या शाळेतील एनसीसीची चाळीस मुले, प्रत्येकाला पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच फैरी, म्हणजे एकूण दोनशे. मुलांची नेमबाजी झाली, लक्ष्याचे कागद उतरवले गेले, आणि उस्तादांनी सगळ्यांना जमिनीवर वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचायला लावले. मोजणी झाली. एकशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच. उस्तादांनी हातातली पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "एक खोखा कम है. मिलने तक कोई नहीं जायेगा."

ऊन रणरणत होते, परतीची गाडी थांबलेली होती. मुलांनी गवताची काडी न् काडी चाळली. शेवटी एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, गोळी तर कधीच जाऊन मातीत घुसली. तिचा कुणी हिशेब मागत नाही. मग ह्या रिकाम्या नळीचाच एवढा हिशेब कशाला?"

प्रश्न चोख होता. "तसा नियम आहे," एवढेच उत्तर मला तेव्हा देता आले. ते उत्तर नव्हे, हे मला ठाऊक होते आणि त्या मुलालाही कळले असावे. पुढे मी या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या त्या पितळी नळीत धातुशास्त्र, रसायनशास्त्र आणि दीडशे वर्षांचा इतिहास भरलेला आढळला. तो येथे थोडक्यात मांडतो.

पुंगळी नव्हती तेव्हा

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. आजच्या काडतुसाचे चार भाग असतात. पुढे शिशाची किंवा शिशावर तांब्याचे वेष्टण असलेली गोळी, तिच्यामागे दारू, दारू पेटवणारी टोपी, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी. चाप ओढल्यावर गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते. मागे उरते ती फक्त पुंगळी.

ठासणीच्या बंदुकीत पुंगळी नव्हतीच. मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधलेली असे. शिपाई ती सुरळी दाताने फाडून दारू नळीत ओती आणि गजाने ठाशी. १८५७ साली ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती एनफिल्ड बंदुकीची काडतुसे याच जातीची, म्हणजे कागदाची होती. बार उडाल्यावर वेचण्यासारखे काही उरत नसे.

बंदूक पुढून ठासण्याऐवजी मागून भरता आली, तर शिपायाला आडवे पडूनही भराभर बार काढता येतील, हे सर्वांना कळत होते. अडचण एकच होती. नळी मागून उघडायची म्हटले की तेथे सांधा आला, आणि सांधा आला की त्यातून तापलेला वायू बाहेर फुसफुसणार. प्रशियाच्या सैन्याने १८४१ साली स्वीकारलेल्या ड्रायझेच्या मागून भरायच्या बंदुकीत काडतूस कागदाचेच होते. तिच्या सांध्यातून येणारा वायू शिपायाच्या तोंडावर येई. सांधा कितीही घासून-पुसून बसवला तरी पोलादावर पोलाद अगदी हवाबंद बसत नाही. प्रेशर कुकरला रबराची रिंग का लागते, हे आठवा.

ही रिंग म्हणजेच पुंगळी. फरक एवढाच की ती प्रत्येक बाराला नवी येते. ब्रिटिशांनी १८६६ साली जुन्याच एनफिल्ड बंदुकीची नळी मागच्या बाजूने कापून तिला झडप बसवली. ही स्नायडर बंदूक. तिच्यासाठी वुलविच येथील शस्त्रागारातील एडवर्ड बॉक्सर यांनी पितळी पत्र्याची गुंडाळी असलेले काडतूस तयार केले. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन हेही धातूच्या काडतुसावर काम करीत होते. गंमत अशी, की इंग्रज बॉक्सर यांच्या पद्धतीची टोपी पुढे अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकन बर्डन यांची युरोपात.

बॉक्सर यांची पुंगळी पातळ पत्रा गुंडाळून केलेली असल्याने नाजूक होती. १८८० च्या दशकात सुदानच्या वाळवंटातील लढायांत मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन वेळी अडकल्या. वाळू आणि उष्णता यांमुळे पुंगळी नळीला चिकटून बसे, आणि ती ओढून काढणाऱ्या आकड्याने तिचा बुडखाच तुटून येई. तेव्हा सैन्याला एक गोष्ट कळून चुकली. पुंगळीने वायू अडवणे हे निम्मेच काम आहे. काम झाल्यावर तिने सुखरूप बाहेर येणे हे उरलेले निम्मे. यानंतर अखंड पितळेतून ओढून काढलेल्या पुंगळ्या आल्या. आज आपण पाहतो ती पुंगळी हीच.

पितळच का?

चाप ओढल्यापासून सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात सैनिकी रायफलीच्या काडतुसातील दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. पुंगळीची भिंत या दाबाने फुगते आणि भोवतीच्या पोलादी कोठीला घट्ट जाऊन बसते. वायूला मागे यायला फटच राहत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो. आता पुंगळीने थोडेसे आक्रसून कोठीपासून सुटायला हवे.

शिसे वापरले तर ते फुगेल, पण परत येणार नाही. काचेसारखा ठिसूळ पदार्थ फुगण्याआधीच फुटेल. आपल्याला असा धातू हवा, की जो भरपूर ताणला जाईल, फाटणार नाही, आणि ताण काढल्यावर बऱ्यापैकी मागे येईल. लवचिकतेचा यंग गुणांक आपण अकरावीला शिकवतो. पोलादाचा यंग गुणांक पितळेच्या जवळजवळ दुप्पट आहे. सारख्याच बळकटीचे पोलाद आणि पितळ कमाल ताणून सोडले, तर पितळ पोलादाच्या सुमारे दुप्पट अंतर मागे येते. त्यामुळे पुंगळी आणि कोठी यांच्यात केसाच्या जाडीहूनही कमी अशी फट पडते. पण पुंगळी बाहेर ओढायला तेवढी पुरते. हा आकडा वर्गात फळ्यावर काढून दाखवण्याजोगा आहे. पाठ्यपुस्तकातील गुणांक प्रत्यक्षात कोठे कामी येतो, याचे याहून नेटके उदाहरण मला माहीत नाही.

यासाठी वापरतात ते पितळ १०० भागांत ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असे असते. धातुशास्त्रात त्याला काडतुसी पितळ असेच नाव पडले आहे. ते गंजत नाही आणि त्याची ठिणगी उडत नाही. शिवाय बाराची बरीच उष्णता घेऊन ते बाहेर पडते. म्हणूनच नुकतीच उडालेली पुंगळी शर्टाच्या कॉलरमध्ये पडली की पोरगे उडी मारते.

तांबटाचा हातोडा

नाशिकची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत. तांबट पितळेचा पत्रा ठोकत असताना तुम्ही पाहिले असेल. थोडा वेळ ठोकल्यावर पत्रा कडक होतो, हातोड्याला दाद देईनासा होतो. मग तांबट तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो. पत्रा पुन्हा मऊ पडतो आणि ठोकणे पुढे चालू होते. न तापवता ठोकत राहिले तर भांडे तडकते.

काडतुसाच्या कारखान्यातही नेमके हेच चालते. पितळी पट्टीतून चकत्या कापतात, चकतीची वाटी करतात, ती साच्यातून दाबून लांब लांब ओढतात, आणि मधून मधून तापवून मऊ करतात. फरक असा, की शेवटी पुंगळीच्या सगळ्या भागांची कडकपणाची पातळी एक नसते. बुडखा कडक ठेवतात, कारण आकड्याची ओढ त्याने सोसायची असते. तोंडाकडचा भाग मऊ करतात, कारण आधी फुगून वायू त्याने अडवायचा असतो. सैनिकी पुंगळीच्या तोंडापाशी जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो डाग नसून या तापवण्याची खूण आहे.

हे तुम्ही वर्गात पुंगळीशिवायही दाखवू शकता. इलेक्ट्रिशियनकडून दीड-दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या. तिचे वेष्टण काढा. मुलांना ती एकाच जागी दहा-बारा वेळा वाकवून सरळ करायला सांगा. ती हळूहळू हट्टी होत जाते, हे बोटांना कळेल. मग चिमट्यात धरून ती ज्योतीत लाल करा आणि पाण्यात बुडवा. आता ती पुन्हा सहज वाकेल. पोलाद असे तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, तांबे मात्र मऊच राहते. हे का, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६४ साली, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला. दोन्ही ठिकाणी लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात, आणि २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. आमच्या नांदगावहून रेल्वेने पूर्वेला भुसावळ ओलांडले की वरणगाव लागते. पश्चिमेला नाशिकच्या पुढे देवळाली, म्हणजे तोफखान्याचे विद्यालय. पितळेला आकार देणारा गाव एका टोकाला आणि दारू उडवणारा दुसऱ्या टोकाला, असे आम्ही मधोमध बसलो आहोत.

पावसाळ्यात तडकलेली काडतुसे

पुंगळीच्या इतिहासातील सर्वांत मनोरंजक कोडे हिंदुस्थानातच पडले. ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आले, की कोठारात ठेवलेली, हातही न लावलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकतात. कारखान्यातून निघाली तेव्हा ती धड होती. तडे उभे असत, आणि बहुधा पुंगळीच्या तोंडाकडे, जेथे ती गोळीला घट्ट आवळून धरते तेथे. घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांना हा रोग अधिक होई. इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. मराठीत आपण 'ऋतूची तडक' म्हणू.

पावसाळा, तबेला आणि पितळ यांचा संबंध काय? १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातील युरिया कुजून अमोनिया वायू तयार होतो. दमट हवेत पितळेवर पाण्याचा अतिपातळ थर बसतो आणि त्यात अमोनिया विरघळतो. अमोनिया तांब्याला विरघळवतो. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंग आठवा, तीच ही क्रिया. पण नुसत्या अमोनियाने तडा जात नाही. साच्यातून ओढताना पितळेत ताण शिल्लक राहिलेला असतो. अमोनिया धातूच्या कणांमधील सांधे कुरतडतो, आणि आतला ताण ती चीर ओढून मोठी करतो. दोघे एकत्र आले की पुंगळी फाटते. दोघांपैकी एक काढून घेतला की काही होत नाही.

उपाय सोपा निघाला. तयार पुंगळी कमी तापमानाला, २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, थोडा वेळ तापवायची. तेवढ्याने ती मऊ पडत नाही, पण आतला ताण सैल होतो. आज विमानांचे भाग, पूल, रासायनिक कारखान्यांच्या नळ्या तपासताना अभियंते 'ताण आणि क्षरण यांनी मिळून पडणारी तडक' पाहतात. त्या अभ्यासातील सुरुवातीच्या धड्यांपैकी एक आपल्याकडच्या तबेल्यांशेजारी ठेवलेल्या काडतुसांनी दिलेला आहे.

आपोआप बाहेर पडणारी पुंगळी

एनसीसीतील पॉइंट टू-टू रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे ओढावा लागतो. आकडा पुंगळी ओढून काढतो आणि ती शेजारीच टपकन पडते. जुन्या थ्री-नॉट-थ्रीचेही तसेच. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम वायू करतो. १९६० च्या दशकापासून आपल्या लष्कराने आणि पुढे पोलिसांनी वापरलेली एसएलआर ही अशी रायफल. गोळी नळीत पुढे गेली की वरच्या छिद्रातून थोडा वायू बाहेर येऊन दट्ट्या मागे ढकलतो. दट्ट्या बोल्ट उघडतो, आकडा पुंगळी ओढतो, ठोकर बसून पुंगळी उजवीकडे भिरकावली जाते, आणि स्प्रिंग पुढचे काडतूस कोठीत बसवते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची तयार असते.

या सगळ्या साखळीत एक अट आहे. बोल्ट उघडण्याआधी दाब उतरून पुंगळी कोठीपासून सुटलेली हवी. म्हणजे पितळेचे ते केसाएवढे आक्रसणे नसते, तर हे यंत्र चाललेच नसते.

पण वेचणाऱ्याचे काम वाढते. पुंगळ्या काही फूट लांब, गवतात, एकमेकींपासून दूर पडतात. म्हणून अनुभवी माणसे नेमबाजाच्या उजवीकडे ताडपत्री अंथरतात, किंवा पुंगळी पडण्याच्या खिडकीशी कापडी पिशवी लावतात. आणि बार पूर्ण थांबून रायफली रिकाम्या केल्याची आज्ञा झाल्याशिवाय कोणी वेचायला वाकत नाही. एसएलआरच्या एका पुंगळीचे वजन सुमारे १२ ग्रॅम असते. वीस गोळ्यांची मॅगझीन रिकामी झाली की पाव किलोच्या आसपास पितळ जमिनीवर पडते.

हे पितळ युद्धकाळात किती मोलाचे होते, याची साक्ष नाणी देतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४३ साली तांबे वाचवण्यासाठी पोलादी सेंट काढले, आणि १९४४ ते १९४६ या काळात वापरलेल्या पुंगळ्यांचे पितळ वितळवून सेंट पाडले. आपल्याकडे १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला, तोही धातूच्या टंचाईमुळेच. घरातील आजी-आजोबांच्या डब्यात तो अजूनही सापडेल.

अमेरिकेत नेमबाज आपल्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरतात. बॉक्सर पद्धतीच्या टोपीमागे मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे जुनी टोपी सुईने ढकलून काढता येते. पुन्हा पुन्हा भरल्यावर पुंगळीचे तोंड कडक होऊन तडकते. तांबटाचा पत्रा आणि आपली तार यांचीच ही गोष्ट. आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात.

पुंगळीची साक्ष

मऊ पितळ बारीकसारीक खुणा धरून ठेवते. टोपीवर आदळणारी पिन, ओढणारा आकडा, ठोकर देणारा भाग, प्रत्येक जण आपली सही पुंगळीवर करतो. आणि अर्धस्वयंचलित शस्त्र ती पुंगळी जागेवरच टाकून पुढे जाते.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांची हत्या झाली. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा वेश होता, त्यामुळे संशय पोलिसांवरही गेला. कॅल्विन गॉडर्ड यांनी तेथे सापडलेल्या सुमारे ७० पुंगळ्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्या दोन थॉमसन बंदुकांमधून उडालेल्या होत्या, आणि पोलिसांच्या थॉमसन बंदुकांशी त्यांचा मेळ बसत नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका प्रकरणात पकडलेल्या बंदुकांशी मात्र तो बसला. निरपराधांवरचा संशय दूर व्हायला रिकामी नळी उपयोगी पडली.

दोनशेवी पुंगळी

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. गोळी मातीच्या बांधात शिरते, चेपते, हरवते. तिचा हिशेब कोणालाच देता येणार नाही. ती खरोखर सुटली होती याचा पुरावा एकच, तिची पुंगळी. दोनशे काडतुसे दिली आणि एकशे नव्व्याण्णव पुंगळ्या परत आल्या, तर याचा अर्थ दोहोंपैकी एक. एक पुंगळी गवतात पडली आहे, किंवा एक जिवंत काडतूस कोणाच्या तरी खिशातून घरी चालले आहे. उस्ताद पितळ शोधत नव्हते, ते ही दुसरी शक्यता खोडून काढत होते.

पॉइंट टू-टूच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. तिला वेगळी टोपी नसते. पेट घेणारे रसायन बुडख्याच्या दुमडलेल्या काठात असते. असे जिवंत काडतूस घरी नेऊन कोणी हातोडीने ठोकले तर काय होईल, ते सांगायला नको.

सैनिकी सरावाच्या मैदानांजवळच्या गावांत हा विषय आणखी गंभीर आहे. रायफलीची रिकामी पुंगळी निरुपद्रवी असते, पण तोफांच्या मैदानावर तिच्याशेजारीच न फुटलेला गोळाही पडलेला असू शकतो, आणि भंगार वेचणाऱ्याला दोन्ही धातूच दिसतात. जुना दारूगोळा जाणकारांच्या देखरेखीखालीही दगा देतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ तो नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतील मजूर होते. मैदानाजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक वाक्य दरवर्षी सांगावे: सापडलेल्या वस्तूला हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, आणि मोठ्या माणसांकरवी पोलिसांना कळवा.

त्या दिवशी दोनशेवी पुंगळी सापडली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्याच खिशात ती होती. आठवण म्हणून ठेवली होती, म्हणाला. उस्तादांनी ती घेतली, प्रकाशाकडे धरून बुडख्याच्या काठावरची पिनेची खूण पाहिली, डब्यात टाकली आणि वहीत आकडा लिहिला. मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला मी रागावलो नाही. त्या नळीत काहीतरी जपून ठेवण्यासारखे आहे, हे त्याला माझ्या आधी जाणवले होते. फक्त ते खिशात ठेवायचे नव्हते.